अखेरच्या आजारपणात हॉस्पिस सेवा कशी समजून घ्यावी आणि कशी निवडावी

‘आता आमच्याकडे करण्यासारखे काही राहिले नाही, यांना घरी घेऊन जा,’ हे वाक्य नागपुरातील मोठ्या रुग्णालयांच्या ओपीडीबाहेर कितीतरी नातेवाइकांनी ऐकलेले असते. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरहून, किंवा पलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्याहून रात्रीच्या गाडीने आलेले कुटुंब ते ऐकून फाइल काखेत धरून बाहेर येते आणि पुढे कोठे जायचे हे त्याला कोणी सांगत नाही. त्या वाक्याचा पहिला भाग बहुतेक वेळा खरा नसतो. गाठ कमी करण्यासारखे काही उरलेले नसेल, पण दुखणे, धाप, उलट्या, जखमेचा वास, रात्र-रात्र न लागणारी झोप आणि घरच्यांची भीती कमी करण्यासारखे पुष्कळ शिल्लक असते. ते काम करणारी वैद्यकशास्त्राची एक स्वतंत्र शाखा आहे. तिला उपशामक सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, आणि आयुष्याचा शेवटचा टप्पा जवळ आल्यावर दिल्या जाणाऱ्या याच सेवेला हॉस्पिस म्हणतात.

हॉस्पिस म्हटले की आपल्यापुढे एखादी इमारत उभी राहते. तशा इमारती आहेतही. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती अवेदना सदन उभे राहिले, आणि पुण्यात वारजे येथील सिप्लाचे केंद्र १९९७ पासून चालू आहे. परंतु हॉस्पिस ही मुळात जागा नसून काम करण्याची पद्धत आहे. दुखणे केवळ शरीराचे नसते, त्यात मनाची घालमेल, पैशाची विवंचना, नात्यांतील अढी आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्नही मिसळलेला असतो, असे सॉन्डर्स यांचे म्हणणे होते, आणि म्हणूनच या सेवेत डॉक्टरांइतकेच महत्त्व परिचारिका, समाजसेवक आणि समुपदेशक यांना असते. ही पद्धत इमारतीत राबवता येते, तशी नागपूरच्या महाल वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरातही राबवता येते.

इंटरनेटवर वाचणाऱ्यांची एक गडबड येथेच दूर करावी. अमेरिकेत सरकारी विम्यातून हॉस्पिस मिळवण्यासाठी ‘आजार आपल्या गतीने गेला तर सहा महिने किंवा त्याहून कमी’ असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते आणि आजार बरा करण्याचे उपचार सोडावे लागतात. तो त्यांच्या विमाव्यवस्थेचा नियम आहे. आपल्याकडे उपशामक सेवा सुरू करण्यासाठी असे कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही आणि केमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असतानाही ती घेता येते. उलट ती लवकर घेणे हिताचेच आहे. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो: ज्यांना सुरुवातीपासून उपशामक सेवा मिळाली, त्यांचे दिवस अधिक बरे गेले, शेवटी-शेवटी जड उपचारांचा मारा कमी झाला, आणि तरीही ते इतरांपेक्षा सरासरी अडीच-पावणेतीन महिने अधिक जगले.

तरीही विचारायला सुरुवात केव्हा करावी, हा प्रश्न उरतोच. दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात जाऊ लागला, दोन-तीन महिन्यांत कपडे सैल पडावेत इतके वजन उतरले, एका महिन्यात दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा भरती करावे लागले, प्रत्येक भरतीनंतर माणूस पूर्वीपेक्षा थोडा अधिक थकून घरी आला, तर वेळ झाली असे समजावे. हे केवळ कर्करोगाला लागू नाही. हृदय पुरते दमलेले असणे, मूत्रपिंड निकामी होणे, फुप्फुसाचा जुना विकार, यकृताचा शेवटचा टप्पा, वाढलेला स्मृतिभ्रंश, या सगळ्यांत ही सेवा उपयोगी पडते, पण ती मागण्याचे धाडस बहुधा कर्करोगाच्याच रुग्णांचे नातेवाईक करतात.

डॉक्टरांना ‘किती दिवस आहेत?’ असे विचारले तर बहुधा गोलमोल उत्तर मिळते, आणि त्यात त्यांची सर्वस्वी चूक नसते, कारण नेमका आकडा कोणालाच माहीत नसतो. त्याऐवजी ‘पुढच्या वर्षभरात हे गेले, तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का?’ असे विचारावे. या प्रश्नाला ‘नाही वाटणार’ असे उत्तर आले, की पुढचा प्रश्न सरळ ठेवावा: ‘मग दुखणे आणि त्रास सांभाळणाऱ्या विभागाकडे आम्हाला चिठ्ठी लिहून द्या.’ चिठ्ठी मागावी लागते. ती आपोआप मिळेल असे धरून चालू नये.

नागपुरात ही चिठ्ठी घेऊन जाता येईल अशी ठिकाणे आहेत. तुकडोजी पुतळ्याजवळचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, मेडिकल (बाहेरगावच्या वाचकांसाठी: नागपुरात ‘मेडिकल’ म्हणजे औषधाचे दुकानही आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही) आणि मिहानमधील एम्स येथे वेदनाशमन व उपशामक सेवेची चौकशी करावी. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांची सेवा करणारे ‘स्नेहांचल’ही याच शहरात आहे. वर्ध्याकडच्या कुटुंबांनी सेवाग्राम आणि सावंगीच्या रुग्णालयांत विचारावे. प्रत्येक वेळी नागपूर गाठण्याची ओढाताण वाचू शकते. जाण्यापूर्वी फोन करून विभागाचे वार, वेळ आणि खाटांची स्थिती विचारून घ्यावी, कारण या बाबी बदलत राहतात.

ठिकाण निवडताना लोक खोल्या, स्वच्छता आणि खर्च पाहतात. ते पाहावेच. पण माझ्या मते दोन प्रश्न सर्वांत आधी विचारावेत, आणि त्यांची उत्तरे समाधानकारक नसतील तर बाकीचे काही विचारण्याची गरज नाही. पहिला प्रश्न: तुमच्याकडे तोंडाने घ्यायचे मॉर्फिन मिळते का? दुसरा: रात्री दोन वाजता त्रास वाढला, तर आमचा फोन कोण उचलेल?

मॉर्फिनविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. तीव्र वेदनेवर हे स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे, आणि ते ज्या अफूपासून बनते ती जेथे पिकवली जाते, त्या आपल्याच देशात ते वर्षानुवर्षे रुग्णांपर्यंत पोहोचत नव्हते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची इतकी गुंतागुंत केली, की बहुतेक रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन अशा सहा औषधांना ‘अत्यावश्यक’ ठरवून नियम सोपे केले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवण्याची वाट मोकळी झाली. परंतु कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात ते आजही सहसा मिळत नाही. म्हणूनच ज्या केंद्राशी तुम्ही स्वतःला जोडून घेणार, तेथे ते आहे की नाही, हे आधीच पाहावे लागते.

घरातील मोठी माणसे या औषधाला घाबरतात. ‘व्यसन लागेल’, ‘हे दिले म्हणजे संपलेच’, असे बोलले जाते. वेदनेसाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते, आणि योग्य मात्रेने आयुष्य कमी होत नाही. साध्या गोळीचा परिणाम चार तासांच्या आसपास टिकतो, म्हणून ती दुखायला लागल्यावर न देता घड्याळ लावून द्यायची असते. वेदना डोके वर काढण्याआधीच पुढची मात्रा पोटात गेली पाहिजे. पहिले दोन-तीन दिवस गुंगी किंवा मळमळ होते आणि ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून मॉर्फिनच्या चिठ्ठीवर पोट साफ होण्याचे औषध लिहिलेले नसेल तर ते मागून घ्यावे. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास तो आवर्जून सांगावा, कारण मात्रा बदलावी लागते. फेंटानिल या वेदनाशामकाची पट्टी छातीवर किंवा दंडावर लावलेली असेल, तर तेथे शेकपिशवी ठेवू नये आणि ताप चढल्यास केंद्राला कळवावे, कारण उष्णतेने औषध वेगाने अंगात शिरते. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली झोपणाऱ्या रुग्णासाठी ही सूचना विशेष महत्त्वाची आहे.

रात्रीच्या फोनचे महत्त्व मी अनुभवाने सांगतो. माझ्या वडिलांना तोंडाचा कर्करोग होता. (आमच्या भागात तंबाखू-सुपारीचा खर्रा काय करतो हे वेगळे लिहायला नको.) एका खासगी रुग्णालयाने रात्री अकरा वाजता त्यांना घरी पाठवले, तेव्हा सोबत तापाच्या गोळ्यांचे एक पान आणि पुढच्या तपासणीची तारीख एवढेच होते. त्या दोन रात्री आम्ही कशा काढल्या ते आम्हालाच ठाऊक. तिसऱ्या दिवशी एका ओळखीच्या परिचारिकेने उपशामक सेवेचा पत्ता दिला. तेथील डॉक्टरांनी औषध सुरू केले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे परिचारिकेने माझ्या आईला सांगितले, ‘काकू, रात्री काहीही वाटलं तर फोन करा, झोपमोड होईल असं समजू नका.’ आईने त्या नंबरवर पुढच्या दीड महिन्यात चारच वेळा फोन केला असेल. पण फोन करता येतो, एवढ्या आधारावर ती झोपू लागली.

आता घर की केंद्र, हा प्रश्न. बहुतेक आजारी माणसांना घरीच राहायचे असते. ‘मले घरी घेऊन चाल’ हे शब्द मी वॉर्डांतून अनेकदा ऐकले आहेत, आणि ते म्हणणारा माणूस कोणत्याही उपचारापेक्षा मोठी गोष्ट मागत असतो. तरीही घरी नेण्याचा निर्णय भावनेच्या भरात घेऊ नये. रात्री जागणारी किमान दोन माणसे आहेत का, शौचालय कोणत्या मजल्यावर आहे, वीज गेली तर हवेची गादी आणि ऑक्सिजनचे यंत्र कसे चालणार, हे आधी पाहावे. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात. सगळा भार एकाच सुनेवर किंवा लेकीवर पडत असेल आणि तिला हात देणारे कोणी नसेल, तर केंद्रात ठेवणे हा कमीपणा नव्हे. काही केंद्रे घरच्यांना विसावा मिळावा म्हणूनही रुग्णाला थोडे दिवस ठेवून घेतात. हे विचारून पाहावे. ब्युरोमार्फत आया किंवा परिचारिका ठेवायची असल्यास बारा तासांचे आणि चोवीस तासांचे दर, सुटीचा दिवस, आणि नाकातील नळीतून आहार देणे तिला येते का, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्यावे.

तोंडाच्या किंवा छातीच्या उघड्या जखमा असलेल्या रुग्णांबाबत चांगले केंद्र ओळखण्याची एक सोपी खूण आहे. जखमेच्या वासाविषयी तुम्ही संकोचाने बोलू लागताच तेथील परिचारिका ते सहज घेते, वास कमी करणाऱ्या मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर कशी वापरायची हे हाताने करून दाखवते, आणि रक्तस्रावाची भीती असेल तर गडद रंगाचे टॉवेल जवळ ठेवायला सांगते, म्हणजे रक्त ठळक दिसणार नाही, घाबरवणार नाही. ज्या ठिकाणी असे बारकावे कोणी सांगत नाही, तेथे भिंतीवरील फलक कितीही सुंदर असला तरी सेवा कच्ची समजावी.

खर्चाविषयी थोडक्यात. आरोग्य विमा बहुधा रुग्णालयातील उपचारांभोवती बांधलेला असतो, त्यामुळे घरच्या सेवेचे पैसे मिळतील असे गृहीत न धरता पॉलिसीची कलमे वाचावीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. हॉस्पिसची काही केंद्रे देणग्यांवर चालतात. तेथे पैशाविषयी उघडपणे बोलण्यात लाजण्यासारखे काही नाही.

घरात सर्वांत कठीण जाते ते आजारी माणसाशी बोलणे. ‘त्यांना काही सांगू नका, ते खचतील’ असा हट्ट जवळजवळ प्रत्येक कुटुंबात असतो. पण अंथरुणावरचा माणूस सगळ्यांचे चेहरे वाचतो, दारामागची कुजबुज ऐकतो, आणि मग तोही घरच्यांना त्रास नको म्हणून न कळल्याचे सोंग आणतो. दोन्ही बाजूंनी हे सोंग शेवटपर्यंत चालते. सगळे एकदम सांगण्याची गरज नाही. ‘बाबा, तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय वाटतं? डॉक्टरांकडून किती जाणून घ्यायचं आहे?’ एवढे विचारावे आणि थांबावे. मग जेवढे विचारले जाईल तेवढेच खरे सांगावे. कोठे राहायचे, कोणाला भेटायचे, शेतीचे कागद कोणाच्या हाती द्यायचे, हे त्यांच्याच तोंडून ऐकले तर नंतर भावाभावांत वाद राहत नाही. एक अडचण हमखास येते: पुण्याहून किंवा परदेशातून शेवटच्या आठवड्यात पोहोचलेला मुलगा ‘तुम्ही प्रयत्नच सोडले’ म्हणून पुन्हा भरती करण्याचा आग्रह धरतो. तो दुष्ट नसतो, आजार जवळून पाहण्याचे जे दोन महिने घरच्यांना मिळाले, ते त्याला मिळालेले नसतात. त्याला आधीपासून व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांच्या बैठकीत बसवले, तर हा प्रसंग बराच टळतो.

कागदपत्रांपैकी तीन गोष्टी आधीच उरकाव्यात. पहिली, रुग्णाचे अग्रिम वैद्यकीय निर्देशपत्र, ज्याला इच्छापत्राच्या धर्तीवर ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: सज्ञान व शुद्धीवर असलेल्या व्यक्तीने दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे, त्यात आपल्या वतीने बोलणाऱ्या नातेवाइकांची नावे लिहावीत, आणि एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. असा कागद नसला तरी रुग्णालयातील दोन वैद्यकीय मंडळे नातेवाइकांच्या संमतीने निर्णय घेऊ शकतात. दुसरी गोष्ट, अतिदक्षता विभागातून घरी नेताना ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ या कागदावर घाईने सही करू नये. त्या कागदाने रुग्णालय मोकळे होते आणि रुग्ण औषधाविना घरी येतो. त्याऐवजी वेदनेच्या औषधांची चिठ्ठी आणि पुढील उपशामक सेवेची नोंद असलेला रीतसर डिस्चार्ज मागावा. तिसरी गोष्ट, घरी मृत्यू झाल्यास मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र कोणता डॉक्टर देणार, हे आधी ठरवावे. रुग्णाला अलीकडे न तपासलेला डॉक्टर ते द्यायला कचरतो, आणि दहनघाटावर तसेच महापालिकेच्या झोन कार्यालयात त्याची गरज पडते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी.

शेवटच्या काही दिवसांत काय होते, हे केंद्राने आधी समजावून सांगितले पाहिजे. न सांगितल्यास विचारावे. भूक जाते. ‘जेवत नाही म्हणून खंगत चालले’ असे घरच्यांना वाटते, प्रत्यक्षात शरीर आवरते घेत असते म्हणून अन्न नकोसे होते. अशा वेळी बळेच भरवलेला वरणभात श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि सलाइन लावल्याने पुष्कळदा सूज आणि छातीतील घरघर वाढते. ओठांना साजूक तूप लावावे, ओल्या मऊ कापडाने तोंड पुसत राहावे. गंगाजळ द्यायचेच असेल तर चमचाभर ओतू नये, तुळशीच्या पानाने ओठ ओले करावेत. धाप लागत असेल तर डोके उंच ठेवून टेबलफॅनचा वारा चेहऱ्यावर सोडावा. उन्हाळ्यात कूलर खिडकीत असू द्यावा, पण त्याचा ओला झोत सरळ अंगावर नको. हातपाय गार पडतात, श्वासांत मोठे खंड पडतात, घशात घरघर होते. ती घरघर ऐकणाऱ्यांना असह्य वाटते, शुद्ध हरपलेल्या माणसाला बहुधा तिचा त्रास जाणवत नाही; कुशीवर वळवल्याने ती कमी होते आणि त्यावर इंजेक्शनही आहे. अशा वेळी घाबरून १०८ ला फोन केला, की रुग्णवाहिका येते आणि माणूस पुन्हा त्याच अतिदक्षता विभागात पोहोचतो. म्हणून केंद्राचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवावा. नेत्रदानाची इच्छा असेल तर नेत्रपेढीचा नंबरही त्याच कागदावर असावा, कारण सहा तासांच्या आत ते व्हावे लागते, आणि रक्ताचे कर्करोग वगळता बहुतेक कर्करोगांच्या रुग्णांचे नेत्रपटल घेतले जाऊ शकते.

सगळे उरकल्यावर भाड्याने आणलेली खाट आणि ऑक्सिजनचे यंत्र परत करावे. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या घरात ठेवू नयेत किंवा दुसऱ्या कोणाला देऊ नयेत, त्या मोजून केंद्रात जमा कराव्यात. वडिलांची तेरवी झाल्यावर मी सतरा गोळ्या परत द्यायला गेलो, तेव्हा परिचारिकेने वहीत आकडा लिहिला, माझी सही घेतली, आणि मग वही मिटता मिटता विचारले, ‘काकूंना रात्री झोप लागते का आता?’